शेरा : पत्ता अपूर्ण

आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "राजकीय पक्षाच्या कचेरीत एवढी वर्षं काढलीत, काही गमतीजमती लिहा की." गमतीजमती माझ्याकडे आहेत. एक गृहस्थ दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन करून पक्षाचा राजीनामा देत आणि शुक्रवारी तो मागे घेत. एका बाईंनी आपल्या मांजरीला पक्षाचं सभासद करून घेतलं होतं आणि तिची मतपत्रिका आली नाही म्हणून माझ्याकडे तक्रार केली होती. एका नवऱ्याला बायको कुठल्या उमेदवाराच्या बाजूची आहे ते गुपचूप जाणून घ्यायचं होतं. मी नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "निदान माझ्या बाजूची आहे का, तेवढं तरी बघून सांग."

एवढ्यावर दोन पानं सहज भरली असती. पण लिहायला बसलं की डोरीन आठवते, आणि मग गंमत सुचेनाशी होते. म्हणून तिचंच लिहितो. यात आपलं मंडळही येतं. छापायचं की नाही ते संपादकांनी ठरवावं.

मी या देशात, कॅनडात, आलो तो सॉफ्टवेअरमधला माणूस म्हणून. टेलिकॉम कंपन्या कोसळल्या त्या वर्षी माझीही नोकरी गेली. टोरांटोच्या एटोबिको भागातल्या अपार्टमेंटमध्ये सात महिने घरी बसून होतो. रोज दहा ठिकाणी अप्लाय करायचं आणि दुपारी बायकोच्या फोनची वाट बघायची, एवढाच कार्यक्रम. त्या काळात सबनीस काकांनी मला हात दिला. काका मंडळाचे अध्यक्ष. एकोणीसशे सत्तरच्या आसपास इथे आलेले इंजिनिअर, आता रिटायर्ड, आणि आमच्या प्रांतातल्या एका पक्षात त्यांची चांगली ऊठबस होती. पक्षाच्या टोरांटोच्या कचेरीत कॉम्प्युटरवाला माणूस हवा होता. काकांनी शब्द टाकला आणि मी बेसमेंटमधल्या एका खोलीत, सभासदांच्या यादीसमोर जाऊन बसलो.

बाहेरच्यांना हे काम समजत नाही म्हणून थोडक्यात सांगतो. इथे पक्षाचा नेता पक्षाचे सभासद निवडतात. सभासद कुणालाही होता येतं, एक फॉर्म भरायचा. त्यामुळे नेतेपदाची निवडणूक लागली की प्रत्येक उमेदवाराची माणसं फॉर्मची बाडं घेऊन फिरू लागतात. एक शेवटची तारीख असते. त्या तारखेला ज्याचं नाव यादीत पक्कं, त्याला मत. भाषणं, टीव्हीवरचे वाद, पोस्टर हे सगळं वरच्या मजल्यावर. माणूस मतदार आहे की नाही हे मात्र खाली बेसमेंटमध्ये ठरायचं, आणि ते मी ठरवायचो. या गोष्टीचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू.

मी तिथे गेलो तेव्हा यादी म्हणजे धर्मशाळा होती. एका बँक्वेट हॉलच्या पत्त्यावर दोनशे माणसं राहत होती. त्यातले काही वारले होते आणि तरी मागच्या वेळी मत देऊन गेले होते. मी नियम बसवला. फॉर्मवर घरनंबर आणि रस्त्याचं नाव पाहिजेच. एका पत्त्यावर सहापेक्षा जास्त माणसं आली की सिस्टिम ते सगळे फॉर्म बाजूला काढणार. मग त्या प्रत्येकाला पडताळणीचं पत्र जाणार, आणि ठरलेल्या मुदतीत सही करून ते परत आलं नाही तर नावापुढे आपोआप शेरा पडणार : पत्ता अपूर्ण. शेरा पडला की नाव यादीतून बाहेर.

माझा साहेब ग्लेन या नियमावर फार खूश होता. ख्रिसमस पार्टीत त्याने माझी ओळख करून दिली ती, "हा माणूस मेलेल्यांना मत देऊ देत नाही," अशी. लोक हसले. मीही हसलो.

मग नेतेपदाची ती निवडणूक आली. चार उमेदवार होते, त्यातली एक लॉरेन. ती अनिशिनाबे, म्हणजे ज्यांची ही जमीन मुळात होती त्या समाजांपैकी एकातली. पेशाने नर्स, उत्तरेकडून प्रांताच्या विधिमंडळात निवडून आलेली. मूळ निवासींपैकी कुणी आमच्या पक्षाच्या नेतेपदाला उभं राहण्याची ती पहिलीच वेळ. वरच्या मजल्यावर तिचं कौतुक झालं, फोटो झाले, आणि ती जिंकणार नाही हेही पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं.

मला मात्र खाली बसून वेगळंच दिसत होतं. बाकीच्या तिघांचे फॉर्म टाइप केलेले, गठ्ठ्याने, कुरिअरने यायचे. लॉरेनचे यायचे कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेल्या पाकिटात. शाळेच्या बसचे ड्रायव्हर, हॉस्पिटलातल्या स्वयंपाकिणी, केस कापणाऱ्या बायका, असले लोक तिच्यासाठी फॉर्म भरून घेत होते. हॉकीच्या सामन्यांना, बिंगोच्या हॉलमध्ये. अक्षर प्रत्येकाचं वेगळं, कुठे पेन्सिलीने, कुठे चहाचा डाग. समासात मजकूर असायचा. एकावर लिहिलं होतं, "माझ्या आजीला लिहिता येत नाही, फॉर्म मी भरलाय, पण सही तिची आहे, तिने दोन दिवस सराव केला." इतक्या वर्षांत मी हजारो फॉर्म पाहिले. मत देता यावं म्हणून सहीचा सराव केलेलं माणूस मला तेवढं एकच भेटलं.

त्याच सुमारास आपल्या मंडळाचा गणपती होता, नेहमीप्रमाणे शाळेच्या जिममध्ये. चौघांतला सगळ्यात पुढे असलेला उमेदवार आला, कुर्ता घालून. काकांनी त्याच्या हातात आरतीचं ताट दिलं. त्याने ते उलट्या दिशेने फिरवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर महाप्रसादाच्या रांगेत क्लिपबोर्ड फिरले. एका हातात मसालेभात, दुसऱ्या हाताने सही. मीही त्या रांगेत होतो.

आठवड्याने ते फॉर्म माझ्या टेबलावर आले. सगळ्यांवर पत्ता एकच, मंडळाचा पोस्टबॉक्स. सिस्टिमने अर्थातच सगळे बाजूला काढले. मी काकांना फोन केला.

"काका, सगळ्यांचा पत्ता मंडळाचा दिलाय."

"मग? मंडळ काय पळून जाणार आहे?"

"नियमात बसत नाही. प्रत्येकाला पत्र जाईल."

"विनू, अरे पत्रं कसली पाठवतोस? आपली माणसं आहेत. तू ओळखतोस ना प्रत्येकाला? आणि मंडळाची डिरेक्टरी आहे तुझ्याकडे. भरून टाक की पत्ते."

"पण काका, कुणाला मत द्यायचंय ते तरी ठाऊक आहे का या लोकांना?"

"ज्याने आरती केली त्याला. एवढं काय अवघड आहे त्यात?"

थोड्या वेळाने ग्लेनची पिवळी चिठ्ठी आली : प्लीज फिक्स. म्हणजे फोन वरपर्यंत गेला होता. मी मंडळाची डिरेक्टरी काढली, जिच्यावरून वृंदा, माझी बायको, दिवाळीची कार्डं पाठवते. दोन दुपारी बसून मी एकेकाचा घरनंबर, रस्ता, पोस्टल कोड भरला. जे घर बदलून रिचमंड हिलला गेले होते त्यांचे नवे पत्तेही मला पाठ होते. मी हे मन लावून केलं. ओळखीच्या माणसांचं काम करताना चांगलंच वाटतं, आणि त्या चांगलं वाटण्यात मी काय करतोय याचा विचार शिवलाही नाही.

तिसऱ्या दिवशी डोरीनच्या वस्तीचा गठ्ठा उघडला. थंडर बे या शहरापासूनही कितीतरी तास उत्तरेला असलेलं रिझर्व्ह, म्हणजे सरकारने मूळ निवासींसाठी नेमून दिलेली वस्ती. एकशे चौदा फॉर्म, आणि सगळ्यांचा पत्ता एकच, वस्तीचा सामायिक पोस्टबॉक्स. घरनंबर नाही, रस्त्याचं नाव नाही. सिस्टिमने ते बाजूला काढले आणि पत्रं छापली. मी ती पोस्टात टाकली.

डोरीनचा पहिला फोन दुसऱ्याच दिवशी आला. फॉर्म अडकल्याचं तिला लॉरेनच्या माणसांकडून कळलं होतं. ती तिथल्या शाळेची बस चालवायची, नुकतीच रिटायर झाली होती, आणि ते सगळे फॉर्म तिने घरोघर जाऊन भरून घेतले होते. माझं नाव तिला उच्चारता येईना. दोन वेळा प्रयत्न करून तिने सोडून दिलं.

"मी तुला टोरांटो म्हणते. चालेल?"

"चालेल."

"तर टोरांटो, तुला आमचे घरनंबर हवेत म्हणे. ते नाहीयेत."

"मग तुमचं घर लोकांना सापडतं कसं?"

"कुठले लोक? इथे सगळ्यांना माहितेय. लिहून घे. पाण्याच्या टाकीच्या डावीकडे, निळं दार. ते माझं. त्याच्या पुढचं, ज्याच्यासमोर मोडकी स्नोमोबील आहे, ते माझ्या भावाचं. घेतलंस लिहून?"

"सिस्टिममध्ये तसं लिहायला जागा नाही."

"बरं. तू जिथून आलास तिथे घरांना नंबर होते?"

मी हो म्हणालो. टोरांटोत बसलेला माणूस ज्या सहजपणे हो म्हणतो तसं. फोन ठेवला आणि मग आठवलं. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. बाबांना येणाऱ्या पत्रावर त्यांचं नाव असायचं, खाली मु. पो., गावाचं नाव, तालुका, जिल्हा. बस्स. फार तर कुणी हौसेने 'मारुतीच्या देवळामागे' असं लिहायचा. माझं इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनचं पत्र याच पत्त्यावर आलं. कॅनडाच्या इमिग्रेशनच्या कागदांवर मी गावचा पत्ता म्हणून हेच लिहिलं, आणि या देशाच्या सरकारला ते चाललं. मी मात्र असा नियम बसवला होता की माझे वडील त्यात माणूस म्हणून बसले नसते.

हे कळूनही मी काय केलं, तर ग्लेनकडे गेलो. म्हटलं, या लोकांना घरनंबरच नाहीत, आपण अपवाद करू या.

"नियम तुझा आहे," तो म्हणाला. "आणि चांगला आहे. एकासाठी वाकवला तर बाकीचे तिघे कोर्टात जातील."

या जागी मी बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की तो आपण आधीच वाकवलाय, परवाच, तुझ्या पिवळ्या चिठ्ठीवर, माझ्या हाताने. सिस्टिममध्ये प्रत्येक दुरुस्तीपुढे करणाऱ्याची आद्याक्षरं पडत. मंडळाच्या प्रत्येक नावापुढे माझी होती. ग्लेनला ते ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं हेही त्याला ठाऊक होतं. तो माझ्याकडे शांतपणे बघत राहिला. मला बेसमेंटच्या आधीचे ते सात महिने आठवले, काकांनी टाकलेला शब्द आठवला, आणि मी "बरं," म्हणून खाली आलो.

वृंदाला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांचेही पत्ते भर ना तू, बाई सांगतेय तसे."

"तो अधिकार माझा नाही."

"आणि मंडळाचे भरलेस तेव्हा कुणाचा होता?"

मी ताटं घ्यायला उठलो. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि ते जास्त लागलं.

डोरीनचे फोन येत राहिले. पत्रं आली का, मी विचारायचो. "टोरांटो, इथे दुकानातच पोस्टाची एक खिडकी आहे. पोस्टाची गाडी रस्ता चांगला असेल तेव्हा येते. तू पाठवलीस म्हणजे येतील." पत्रं पोचली ती मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, एका रबरबँडमध्ये सगळी एकत्र. तिने त्याच दिवशी सगळ्यांच्या सह्या घेऊन परत पाठवली. तोवर सिस्टिमने एकशे चौदा नावांपुढे शेरा टाकला होता. सरावाने सही केलेली ती आजीही त्यातच होती.

मी डोरीनला फोन करून कळवायला हवं होतं. नाही केला. छापील पत्र पाठवलं. ते तिला मिळालं की नाही, माहीत नाही.

नेता निवडायचं अधिवेशन हिवाळ्यात टोरांटोतच होतं. ज्यांनी पोस्टाने मत दिलं नव्हतं त्यांना हॉलवर येऊन देता येणार होतं. मी प्रवेशाच्या बाजूला तक्रारींच्या टेबलावर होतो. सकाळी दहाच्या सुमारास लाल जाकीट घातलेली, ठेंगणी, साठीची एक बाई समोर उभी राहिली. जाकिटावर लॉरेनचं बटण. तिने नाव सांगितलं आणि मी न बघताच यांत्रिकपणे म्हणालो, "एक मिनिट, बघतो."

"तू टोरांटो," ती म्हणाली. आवाजावरून ओळखलं तिने. आणि हसली. वीस तास बसने आली होती. सोबत सही केलेलं पडताळणीचं पत्र होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं. मूळ पत्र पोस्टात टाकण्याआधी तिने दुकानातून ही कॉपी काढून घेतली होती.

मी तिला सांगितलं की नाव यादीत नाही. तिचं हसू जायला जरा वेळ लागला.

"माझं एकटीचं?"

"सगळ्यांचं."

तिने पिशवीतलं पत्र काढून हातात धरलं. मग तिने विचारलं, "हा नियम कुणाचा?"

"सिस्टिमचा," मी म्हणालो.

"कुठे बसते ती? मी बोलते तिच्याशी."

मी तिच्यासमोर बसलो होतो. आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन, पण इतकं साळसूद खोटं दुसरं नाही. मी तिला निरीक्षकाचा बॅज दिला. त्यावर आत बसता येतं, मत देता येत नाही. तिने तो घेतला, मान हलवली आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसली.

तेवढ्यात मंडळाची बस आली. पन्नासएक माणसं, स्वेटर, शाली, डब्यांच्या पिशव्या. काका सगळ्यांच्या पुढे. "विनू, फटाफट कर रे, आतला चहा संपेल." नावं पटापट सापडत गेली. कशी सापडणार नाहीत, मीच भरली होती. एकजण बॅज घेता घेता मला हळूच म्हणाला, "अहो, नाव काय त्याचं? आरतीवाल्याचं?" मी सांगितलं. डोरीनला मराठी येत नव्हती, पण तिला काही कळायचं राहिलं असेल असं मला वाटत नाही. ती पत्र मांडीवर ठेवून रांग बघत होती.

रांग ओसरल्यावर काकांनी तिच्याकडे बघून विचारलं, "ही कोण?"

"उत्तरेकडची. नाव यादीत नाही."

"रिझर्व्हवरची का? अरे, या लोकांना सगळं फुकट मिळतं, आता नेतेपदही पाहिजे." हे ते वाईट मनाने बोलले नाहीत. चहा कुठे आहे हे विचारावं तितक्या सहज बोलले, आणि आत गेले. काका, तुम्ही आज नाही आहात आणि तुमचे उपकार मी विसरलेलो नाही, पण तुम्हाला त्या दिवशी काय फुकट मिळालं ते मी सांगू शकलो असतो. पन्नास माणसांचे घरनंबर, माझ्या हस्ते. ज्यांची जमीन त्यांनी आपला पत्ता सिद्ध करायचा, आणि काल आलेल्या आपण दुसऱ्याकडून भरून घ्यायचा, ही रीत आपण किती लवकर शिकलो याची मला आजही चीड येते. मी ती आधी शिकलो, म्हणून चीड स्वतःपासून सुरू होते.

सगळ्यात कमी मतं मिळून लॉरेन पहिल्याच फेरीत बाहेर पडली. ग्लेनने मला मुद्दाम दाखवून दिलं की तिच्यात आणि पुढच्यात एकशे चौदापेक्षा बराच जास्त फरक होता. "म्हणजे काही बिघडलं नाही," तो म्हणाला. दिलासा द्यायचा होता त्याला. हे वाक्य मला त्यानंतरही पुष्कळांनी ऐकवलंय. जणू त्या आजीने दोन दिवस सहीचा सराव केला तो निकाल बदलायला. तिला मत द्यायचं होतं. ते तिचं होतं.

डोरीन दुपारच्या बसने परत जायला निघाली तेव्हा टेबलापाशी थांबली. "लॉरेन दिसली तर सांग, मी आले होते," म्हणाली. तासाभराने लॉरेन माझ्यापासून दहा पावलांवर कॉफी घेत उभी होती. मी कागद चाळत राहिलो.

पुढच्या वर्षी मी तो नियम बदलला. पत्त्याच्या जागी आता मोकळी ओळ आहे, माणूस सांगेल ते तिथे लिहिता येतं. ग्लेनने ती पक्षाची सुधारणा म्हणून एका बैठकीत मांडली आणि टाळ्या घेतल्या. जुन्या यादीतले ते एकशे चौदा शेरे तसेच राहिले. जुन्या नोंदी खोडायच्या नाहीत, असाही एक नियम आहे. तोही माझाच.

नोकरी सोडली त्या हिवाळ्यात मी डोरीनला पत्र लिहिलं. मंडळाचे फॉर्म, पिवळी चिठ्ठी, ग्लेनच्या खोलीत गिळलेले शब्द, लॉरेनला न दिलेला निरोप, सगळं. नियम माझा होता हे पहिल्याच ओळीत लिहिलं. माझ्या वडिलांचा पत्ताही लिहिला, मु. पो. सकट, आणि त्याचा अर्थ समजावून सांगितला. शेवटी माफी मागितली. पाकिटावर तिचं नाव, वस्तीचं नाव आणि खाली : पाण्याच्या टाकीच्या डावीकडे, निळं दार. काउंटरवरच्या मुलीने ते वाचून विचारलं, "हे पोचेल?" मी म्हटलं, बघू.

वसंत संपता संपता एक कार्ड आलं. माफीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी होत्या.

"टोरांटो, पत्र मिळालं. दार आता हिरवं आहे."